मानवी हक्कांच्या कामाचा परिणाम कसा मोजायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तालुका आणि जिल्हा पातळीवर काम करणाऱ्या संस्था-संघटनांसाठी आहे. मुख्य उदाहरण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील (म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याच्या कायद्याखालील) प्रकरणांच्या पाठपुराव्याचे घेतले आहे. त्यात कायद्याने ठरवून दिलेल्या मुदती आहेत, कागद आहेत, जबाबदार अधिकारी आहेत, त्यामुळे मोजायला जागा आहे. वनहक्क आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कामात काय बदलते, ते पुढे वेगळे दिले आहे.

आम्ही वर्षभरात ४० शिबिरे घेतली, २,००० लोक आले. हा परिणाम नाही का?

नाही. ही केलेल्या कामाची नोंद आहे. ती ठेवावीच लागते, पण हक्काच्या कामात दोन बाजू असतात: ज्याचा हक्क आहे तो माणूस, आणि तो हक्क देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे ती यंत्रणा. शिबिराला लोक आले यातून दोन्हींपैकी कोणाच्याही वागण्यात काय बदलले ते कळत नाही.

परिणाम तीन ठिकाणी शोधा. पहिले, माणूस आता काय करतो? पूर्वी गप्प बसणारे कुटुंब पोलीस ठाण्यात जाते का, नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देते का? दुसरे, यंत्रणा काय करते? गुन्हा त्याच दिवशी नोंदते का, तपास योग्य दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देते का, अर्थसहाय्य वेळेत देते का? तिसरे, गावात काय बदलले? पाणवठा, देऊळ, स्मशानभूमी, वरातीचा रस्ता. बहुतेक अहवाल पहिल्याबद्दल थोडे आणि तिसऱ्याबद्दल भरभरून लिहितात. दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नसते, आणि सर्वांत भक्कम पुरावा नेमका तिथे मिळतो.

काम सुरू झाल्यावर गुन्ह्यांची संख्या वाढली. आता देणगीदाराला काय सांगायचे?

वाढ अपेक्षितच होती, हे सुरुवातीलाच लेखी सांगून ठेवायला हवे. जिथे भीतीने तक्रारच होत नव्हती, तिथे काम पोहोचल्यावर पहिली दोन-तीन वर्षे नोंदी वाढतात. अत्याचार वाढले म्हणूनही नोंदी वाढतात. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अनुसूचित जातींवरील गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० आणि २०२२ मध्ये ५७,५८२ नोंदले गेले, म्हणजे सुमारे १३ टक्के वाढ. ही वाढ अत्याचारांची की नोंदीची, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नाही.

फरक ओळखायला तीन गोष्टी एकत्र ठेवा:

- घटना आणि नोंद यांतले अंतर. ते महिन्यांवरून दिवसांवर आले असेल, तर लोक लवकर पुढे येत आहेत.
- गुन्ह्यांचे स्वरूप. पूर्वी खून, बलात्कार, जाळपोळ एवढेच नोंदले जात असेल आणि आता जातिवाचक शिवीगाळ, पाणी अडवणे, बहिष्कार हेही नोंदले जात असेल, तर तक्रारीचा उंबरठा खाली आला आहे. खुनांची संख्याही वाढत असेल, तर ती खरी वाढ समजून तातडीने बघावे लागते, कारण मृत्यू सहसा नोंदीतून सुटत नाही.
- नोंद न झालेल्या घटना. वस्तीतल्या पाहणीत 'गेल्या १२ महिन्यांत असे घडले का' आणि 'घडले असेल तर कुठे सांगितले' हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. सांगितलेल्यांचे प्रमाण वाढले, हाच कामाचा परिणाम.

नेमके काय मोजायचे? एक यादी हवी आहे.

प्रत्येक प्रकरणाची एक ओळ आणि प्रत्येक टप्प्याची एक तारीख, एवढा तक्ता उभा राहिला की अर्धे मूल्यमापन झाले. टप्पे आणि त्यांचे कायदेशीर माप असे:

- घटना ते गुन्हा नोंद. नोंद नाकारली गेली असेल तर किती वेळा, आणि शेवटी कोणाच्या आदेशाने झाली.
- लावलेली कलमे. नुसती मारहाणीची कलमे लावून अ‍ॅट्रॉसिटीची नंतर वाढवली असतील, तर ती तारीख वेगळ्या रकान्यात.
- तपास अधिकाऱ्याचा दर्जा. १९९५ च्या नियमांतील नियम ७ नुसार तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे हवा. इथली चूक पुढे आरोपीच्या उपयोगी पडते.
- दोषारोपपत्र. २०१६ च्या सुधारणेनंतर मुदत ६० दिवस.
- अर्थसहाय्याचा प्रत्येक हप्ता. नियम १२(४) नुसार तातडीची मदत सात दिवसांत. रक्कम गुन्ह्याप्रमाणे बदलते आणि हप्तेही. खुनाच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपये, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. 'मदत मिळाली : होय/नाही' असा रकाना करू नका. कितवा हप्ता, मंजुरीची तारीख आणि खात्यात जमा झाल्याची तारीख असे तीन रकाने करा. मंजुरी आणि जमा यांच्या मधेच महिने जातात.
- जामिनाच्या सुनावणीची सूचना. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ मुळे पीडिताला सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. ती सूचना बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. किती सुनावण्या झाल्या आणि किती वेळा सूचना मिळाली, दोन्ही लिहा.
- निकाल. कलम १४ शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा म्हणते. प्रत्यक्षात वर्षे लागतात, म्हणून इथे मुदत पाळली की नाही एवढ्यावर न थांबता दर वर्षी पुढे सरकलेल्या आणि एकाच टप्प्यावर अडकलेल्या प्रकरणांची संख्या काढा.

याशिवाय जिल्ह्याची एक वेगळी नोंद हवी. नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. वर्षातल्या चारपैकी किती झाल्या, किती प्रकरणांवर नाव घेऊन चर्चा झाली, आणि मागच्या बैठकीतल्या निर्णयांपैकी किती पुढच्या बैठकीपर्यंत अमलात आले, ते इतिवृत्तावरून काढा. शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका असतो.

ही माहिती मिळवायची कुठून?

पहिला आधार कुटुंबाकडची कागदपत्रे. गुन्हा नोंदीची (एफआयआरची) प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. बँक पुस्तकाच्या छायाप्रतीवरून हप्त्याची खरी तारीख कळते. आठवणीवर विसंबू नका. 'दिवाळीच्या आसपास आले' हे मूल्यमापनात चालत नाही.

न्यायालयातली प्रगती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक खटल्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, बघता येते. पुढच्या तारखा, रोजनामा, निकालपत्र बहुधा मिळते. तक्त्यात सीएनआरचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवला, तर पाच वर्षांनी कोणालाही प्रकरण पुन्हा शोधता येते. तो नसला की नवा कार्यकर्ता आरोपींच्या नावांवरून शोधत बसतो आणि एकसारख्या आडनावांत चुकतो.

दुसऱ्या बाजूची माहिती, म्हणजे समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे किती प्रस्ताव आले, किती मंजूर, किती निधीअभावी प्रलंबित, ही माहिती अधिकारात मागावी. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नावे मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळला जाईल आणि तुम्हाला नावांची गरजही नाही. तालुका, गुन्ह्याचा प्रकार, प्रस्तावाची तारीख, मंजुरीची तारीख एवढे मागा. 'अशी संकलित माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर नोंदवहीची पाहणी करू देण्याचा अर्ज करा. पाहणी करणे हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पार्श्वभूमीला ठीक, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका गुन्ह्यात अनेक कलमे असतील तर तिथे सर्वांत गंभीर कलमाखालीच मोजणी होते. आणि गुन्ह्यांचा दर लोकसंख्येच्या २०११ च्या जनगणनेवर काढलेला असतो. एका तालुक्याच्या कामाचा परिणाम त्या अहवालातून सिद्ध करू नये.

दिवसांची सरासरी काढली, ती ६१ आली. कायद्याची मुदत ६०. म्हणजे बरे चालले आहे ना?

बहुधा नाही. समजा दहा प्रकरणे आहेत. सात प्रकरणांत दोषारोपपत्र अनुक्रमे ४०, ५२, ५५, ५८, ६०, ७५ आणि ९० दिवसांत गेले. उरलेली तीन अजून तपासावर आहेत: एकाला १५० दिवस झाले, दुसऱ्याला २१०, तिसऱ्याला ४००. सरासरी काढताना ही तीन गळतात, कारण त्यांना शेवटची तारीखच नाही. उरलेल्या सातांची सरासरी ६१ येते आणि चित्र छान दिसते. सर्वांत वाईट प्रकरणे हिशेबाबाहेर ठेवूनच ते छान झालेले असते.

योग्य वाक्य असे: '१० पैकी ५ प्रकरणांत ६० दिवसांच्या आत दोषारोपपत्र गेले, ३ अजून प्रलंबित, त्यांतले सर्वांत जुने ४०० दिवसांचे.' मध्य काढायचा असेल तर प्रलंबित धरून काढा. दहांना चढत्या क्रमाने लावले की पाचवे ६० आणि सहावे ७५, म्हणजे मध्य ६७.५. मोजणीच्या दिवशी ज्यांना ६० दिवस पुरेच झाले नाहीत, अशी ताजी प्रकरणे मात्र या गणितात घेऊ नका.

शिक्षेचे प्रमाण हा मुख्य निकष ठेवावा का?

ठेवू नये. एका तालुक्यात वर्षाला निकाल लागतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोनाचे तीन झाले तर ती 'पन्नास टक्के वाढ' नसते. शिवाय आज लागणारा निकाल अनेकदा तुमचे काम सुरू होण्यापूर्वीच्या तपासावर उभा असतो.

त्यापेक्षा सुटकेची निकालपत्रे वाचा. हे वेळखाऊ आहे, पण दुसऱ्या कशातूनही इतके शिकायला मिळत नाही. प्रत्येक निकालपत्रातून सुटकेचे कारण ठरलेल्या यादीतून नोंदवा: फिर्यादी किंवा साक्षीदार फितूर, तक्रारीला झालेल्या विलंबाचा खुलासा नाही, फिर्यादीच्या किंवा आरोपीच्या जातीचा पुरावा दाखल नाही, शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोर झाल्याचे सिद्ध नाही, तपास अधिकारी सक्षम दर्जाचा नाही, जबाबांत विसंगती. एका प्रकरणात दोन-तीन कारणेही असतील, सगळी लिहा. ही यादी दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे भरावी आणि जिथे फरक पडेल तिथे एकत्र बसून वाचावे.

यातून कामाची दिशा ठरते. जातीच्या दाखल्यामुळे प्रकरणे पडत असतील, तर तो तपासाच्या काळातच दाखल होतो की नाही यावर लक्ष द्यायचे. फितुरी जास्त असेल, तर प्रश्न संरक्षणाचा आणि रोजगाराचा आहे. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याच्याच विरुद्ध सात वर्षे साक्ष टिकवायची असते. अशा ठिकाणी कायद्याचे आणखी एक शिबिर घेऊन काहीही साधत नाही.

'तुमच्यामुळे खोट्या केसेस वाढल्या' असा आरोप होतो. आकड्याने उत्तर देता येते का?

काही प्रमाणात. सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी होती, असे होत नाही, आणि वर सांगितलेली कारणांची यादी हेच दाखवते. पोलिसांनी तपासाअंती न्यायालयात पाठवलेले समरी अहवाल (प्रकरण बंद करण्याचे अहवाल) वेगवेगळे मोजा. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही. 'ब' म्हणजे तक्रार हेतुपुरस्सर खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्ही एकत्र करून 'खोटी' म्हटले जाते, तिथे आधी ही फोड मागा. ब समरीला फिर्यादीने न्यायालयात हरकत घेतली का आणि न्यायालयाने ती समरी स्वीकारली का, हेही नोंदवा. उलट गुन्ह्यांचा रकाना वेगळा ठेवा: अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार दिल्यापासून काही दिवसांत फिर्यादीच्याच कुटुंबावर चोरीचा, विनयभंगाचा किंवा मारामारीचा गुन्हा दाखल झाला का? दडपणाचे हे नेहमीचे हत्यार आहे आणि ते तारखांवरून उघड दिसते.

सुरुवातीची पाहणी केलीच नाही. आता तीन वर्षांनी काय करायचे?

कागदावरच्या गोष्टींसाठी मागे जाता येते. काम सुरू होण्यापूर्वीच्या तीन वर्षांतली प्रकरणे ई-कोर्ट्स आणि माहिती अधिकारातून मिळवा आणि तोच तक्ता भरा. समितीची जुनी इतिवृत्तेही मिळतात.

लोकांच्या मनातल्या गोष्टींसाठी मागे जाता येत नाही. 'तीन वर्षांपूर्वी तुम्हाला कायदा माहीत होता का' या प्रश्नाचे उत्तर आजच्या माहितीने रंगलेले असते. ते विचारू नका. त्याऐवजी अजून काम न पोहोचलेल्या सारख्याच गावांशी तुलना करा.

तुलनेची गावे कशी निवडायची, किती घरे लागतात?

गाव निवडताना तीन गोष्टी जुळवा: दलित किंवा आदिवासी कुटुंबांचे प्रमाण, जमीन कोणाच्या हातात आहे त्याचे चित्र, आणि पोलीस ठाण्यापासूनचे अंतर. तुलनेचे गाव त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत घेतले, तर ठाण्यातल्या सुधारणेचा फायदा त्यालाही मिळतो आणि तुमचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून यंत्रणेचा बदल तपासताना दुसऱ्या ठाण्याची हद्द घ्या, लोकांच्या माहितीतला बदल तपासताना त्याच हद्दीतले गाव चालेल.

घरांचा हिशेब एका उदाहरणाने. तक्रार कुठे करायची आणि पहिली मदत किती दिवसांत मिळायला हवी, हे अचूक सांगू शकणारे तुलनेच्या गावांत ३० टक्के असतील आणि कामाच्या गावांत ४५ टक्के असावेत अशी अपेक्षा आहे. नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर हा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे १६० माणसे लागतात. पण एका वस्तीतली माणसे एकमेकांसारखी असतात. एका वस्तीत २० जण घेतले आणि त्यांच्यातले साम्य (० ते १ या मापावर) ०.०५ धरले, तर १६० ला १.९५ ने (१ + १९ × ०.०५) गुणावे लागते. म्हणजे ३१२, म्हणजे प्रत्येक बाजूला १६ वस्त्या आणि वस्तीत २० जण. काही घरे बंद मिळतील, म्हणून यादी २२ ची करा. दोन गावांत दीडशे-दीडशे फॉर्म भरून आणले की ही अट पूर्ण होत नाही. तिथे माणसे तीनशे असली तरी तुलना दोन गावांचीच राहते.

महिना कोणता, हे मराठवाड्यात निर्णायक ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावात नसतात आणि भूमिहीन, कर्जात अडकलेली कुटुंबे नेमकी त्यांतच असतात. जानेवारीत केलेली पाहणी सर्वांत असुरक्षित लोकांना वगळून होते. पहिली आणि शेवटची पाहणी एकाच महिन्यात करा, आणि तो महिना लोक घरी असण्याचा असू द्या.

भेदभाव कमी झाला का, हे विचारायचे कसे? सगळेच म्हणतात, 'आमच्या गावात तसले काही नाही.'

मत विचारले की असेच उत्तर येते. घडलेली कृती विचारा, तीही ठरावीक काळातली. गेल्या महिन्यात तुमच्या घरचे कोणी सार्वजनिक विहिरीवर किंवा नळावर गेले का? रांगेत कोणाच्या मागे थांबले? हॉटेलात कप कोणी धुतला? गावातला न्हावी तुमच्या मुलांचे केस कापतो का, की तालुक्याला जावे लागते? शेवटची वरात कोणत्या रस्त्याने गेली? शेवटचा अंत्यविधी कुठे झाला?

विचारणारा कोण, यावरही उत्तर ठरते. सोबत सरपंच असला की तक्रार संपते, संस्थेचा कार्यकर्ता असला की कौतुक सुरू होते. दोघांनाही दूर ठेवा. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. पारधी, भिल्ल किंवा बंजारा वस्तीत त्यांच्या बोलीत विचारणारा हवा, कारण प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला अनेकदा नुसती मान हलते.

बदल झाला हे दिसते. पण तो आपल्यामुळेच झाला हे कसे सांगायचे?

'आपल्यामुळेच' असे सहसा सांगता येत नाही आणि सांगूही नये. 'आपला वाटा होता का, कितपत' एवढे पुराव्याने मांडता येते.

समजा उपविभागात ६० दिवसांत दोषारोपपत्र जाण्याचे प्रमाण वाढले. आधी इतर शक्य कारणे प्रामाणिकपणे लिहून काढा: नवे उपअधीक्षक आले, पोलीस अधीक्षकांनी परिपत्रक काढले, एखाद्या गाजलेल्या घटनेनंतर वरून दबाव आला, विधानसभेत प्रश्न आला. मग प्रत्येक कारणासाठी विचारा: हे खरे असेल तर कागदावर काय सापडलेच पाहिजे?

तुमचा वाटा खरा असेल तर तुमच्या निवेदनाला आवक क्रमांक असला पाहिजे, ते बदलाच्या आधीचे असले पाहिजे, आणि त्यातल्या प्रकरणांवर समितीत चर्चा झालेली असली पाहिजे. एवढे नसेल तर दावा तिथेच सोडा. हे सगळे असले तरी दावा फक्त जिवंत राहतो, सिद्ध होत नाही. बळकटी येते ती विशेष खुणांनी. तुम्ही दिलेल्या प्रलंबित प्रकरणांच्या यादीचा क्रम आणि शब्द इतिवृत्तात जसेच्या तसे उतरले आहेत का? यादीतली प्रकरणे यादीबाहेरच्यांपेक्षा आधी हलली का? आणि उलट तपासणी: शेजारच्या उपविभागात काम नसतानाही तितकीच सुधारणा झाली असेल, तर श्रेय अधीक्षकांच्या परिपत्रकाला जाते. तसे लिहा.

पीडित कुटुंबांशी बोलताना कोणती काळजी घ्यायची?

मूल्यमापनाचा कोणताही निष्कर्ष एखाद्या कुटुंबाच्या सुरक्षिततेपेक्षा मोठा नाही. ही अट ठरावाने मान्य करा आणि मूल्यमापकाच्या करारात घाला.

खटला चालू असताना घटनेची हकीकत पुन्हा विचारूच नका. त्यामुळे जखम उकलते. शिवाय तुमच्या वहीतला जबाब आणि पोलिसांपुढचा जबाब यांत तारीख किंवा वेळ जुळली नाही, तर बचाव पक्षाला विसंगती हातात मिळते. मूल्यमापनासाठी कुटुंबाला यंत्रणेकडून काय अनुभव आला तेवढेच लागते: कोणी कसे वागले, किती फेऱ्या झाल्या, किती मजुरी बुडाली. हे घटनेला हात न लावता विचारता येते.

संमती दोनदा घ्या, आधी आणि मुलाखत संपल्यावर. सगळे सांगून झाल्यावर 'यातले काही वगळायचे का' असे विचारले, की माणूस खरा निर्णय घेऊ शकतो. मुलाखत वस्तीत घेतल्याने लक्ष वेधले जाणार असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी बोलवा आणि प्रवासखर्च व बुडालेली मजुरी द्या.

तक्त्यात नाव नको, सांकेतिक क्रमांक हवा. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, कुलपात किंवा पासवर्डखाली, दोनच व्यक्तींकडे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ७२ आहे. गावाचे नाव, वय आणि घटनेचा महिना एकत्र छापले तरी लहान गावात ओळख पटते, म्हणून अहवालात जिल्हा आणि वर्ष एवढेच द्या. फोटो टाळा. पाठमोरा फोटोसुद्धा गावाला ओळखू येतो.

वनहक्क आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कामालाही हेच लागू आहे का?

पद्धत तीच, टप्पे वेगळे. आणि दोन्हींत कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर मोजणे हे मुख्य काम.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडले. '२००९ : हक्क मान्य' असा एकच रकाना असता, तर मधला सगळा संघर्ष अदृश्य झाला असता. म्हणून दावा, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हा समिती, अधिकारपत्र यांच्यापुढे आणखी रकाने हवेत: सातबारावर नोंद, वनोपजाची पहिली विक्री, त्या पैशांचा ग्रामसभेतला हिशेब. वैयक्तिक दाव्यात मागितलेले आणि मिळालेले क्षेत्र शेजारी-शेजारी लिहा. दोन एकर मागून दहा गुंठे मिळाले, तरी सरकारी आकडेवारीत तो 'मंजूर' दावाच असतो. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचे अधिकारपत्र पती-पत्नी दोघांच्या नावे हवे. तेही प्रत्यक्ष कागद बघून तपासा.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे. तिथे आदेश झाल्यानंतरचे बारा महिने मोजा: पोटगीच्या बारा महिन्यांपैकी किती महिने रक्कम आली? राहण्याचा आदेश मिळालेली बाई प्रत्यक्ष त्या घरात राहते का? 'समझोता झाला' हा यशाचा रकाना नव्हे. समझोत्यानंतर तीन आणि नऊ महिन्यांनी, तिच्या सोयीच्या वेळी, तिने सांगितलेल्या क्रमांकावर विचारल्याशिवाय त्याला नाव देऊ नका.

बाहेरचा मूल्यमापक घ्यावा की आपणच करावे? खर्च किती?

तक्ता रोज भरणे हे संस्थेचेच काम. तो वर्षाच्या शेवटी बसून भरला तर निम्म्या तारखा चुकतात. निकालपत्रांचे वाचन, तुलनेची पाहणी आणि पीडितांच्या मुलाखती बाहेरच्याने केलेल्या बऱ्या. एकूण अंदाजपत्रकाच्या पाच ते दहा टक्के रक्कम यासाठी सुरुवातीलाच बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. शेवटी उरलेल्या पैशांत केलेले मूल्यमापन मुलाखतींच्या पलीकडे जात नाही. बाहेरच्याला निवडताना त्याने पूर्वी किती अहवाल लिहिले यापेक्षा त्याला दोषारोपपत्र वाचता येते का, हे बघा.

निष्कर्ष हाती आल्यावर ते कोणापुढे मांडायचे?

आधी वस्तीपुढे, मराठीत किंवा त्यांच्या बोलीत, आकडे भिंतीवर लावून. चुकीच्या तारखा, गळलेली प्रकरणे, विसरलेले उलट गुन्हे तिथेच सापडतात. मसुदा अंतिम करण्यापूर्वी यासाठी निदान तीन आठवडे ठेवा.

मग दक्षता व नियंत्रण समितीच्या पुढच्या बैठकीपूर्वी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण सहायक आयुक्त यांना दोन पानांची टिपणी द्या, पोच घेऊन. त्यात संस्थेचे कौतुक नको. टप्पा, मुदत, मुदत ओलांडलेली प्रकरणे (गुन्हा नोंद क्रमांकासह, कुटुंबांची संमती असेल त्यांचीच) आणि प्रत्येकाच्या पुढे कोणी काय करायचे, असे चार रकाने पुरतात. त्या बैठकीचे इतिवृत्त मागवा आणि पुढच्या फेरीच्या तक्त्यात पहिली नोंद त्याचीच करा: किती प्रकरणे मांडली, किती हलली, किती दिवसांत.